क्यू आहे, यू नाही: हे इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

इंग्रजी स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर मांडून शब्द लावण्याचा खेळ. त्याच्या पिशवीत १०० टाइल असतात. त्यांत क्यू एकच आणि त्याचे गुण १०. यू चार, प्रत्येकी एका गुणाचे. क्यूच्या मागे यू यायलाच हवा हे शाळेत इतकं पक्कं बसवलेलं असतं, की चारही यू पटावर जाऊन बसले आणि मग क्यू हाती आला तर बहुतेक मुलं हात टेकतात. खरं तर यूच्या आधाराशिवाय चालणारे क्यूवाले शब्द कोशात डझनांनी आहेत. गोव्यातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलाच्या कानावरून त्यांतले कितीतरी आधीच गेलेले असतात: तलाक, फकीर, नकाब, कव्वाली, मुकादम, कलमदान, इन्किलाब. परदेशातल्या खेळाडूला जे घोकावे लागतात, ते आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत.

पण चुका जास्त होतात त्या याच ओळखीच्या शब्दांत. स्पेलिंग मराठी उच्चाराप्रमाणे केलं जातं आणि अर्थही मराठीतलाच गृहीत धरला जातो. प्राथमिक शाळा मराठी माध्यमात करून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना हा घोळ विशेष जाणवतो. स्क्रॅबल असो, शब्दकोडं असो की स्पेलिंगची स्पर्धा, खालच्या चुका सगळीकडे त्याच दिसतात. स्पेलिंग दाखवायचं तिथे इंग्रजी अक्षरांमध्ये आडवी रेघ दिली आहे.

चूक पहिली: ‘क’ ऐकला की क्यू लावणं

अरबी-फारसीत क साठी दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाचा उच्चार आपल्या ‘कमळ’मधल्या क सारखा. दुसरं अक्षर म्हणजे नुक्ता दिलेला क़. तो घशात मागे, पडजिभेपाशी उमटतो. इंग्रजीत लिहिताना पहिल्याला के आणि दुसऱ्याला क्यू देण्याची पद्धत पडली. मराठीत येताना दोघांचा एकच ‘क’ झाला, त्यामुळे आपल्या कानाला फरक कळत नाही. ‘कबाब’ आणि ‘कव्वाली’ आपण सारख्याच क ने सुरू करतो. मूळात मात्र कबाबचा क साधा आहे आणि कव्वालीचा नुक्त्याचा. म्हणून क्यू-ए-बी-ए-बी असा शब्द लावला की तो बाद होतो. किताब आणि मालक यांचंही तेच.

तपासायची सोपी रीत अशी: नुक्ते छापणारा हिंदी किंवा उर्दू-हिंदी कोश उघडा आणि क खाली टिंब आहे का पाहा. टिंब नसेल तर क्यूचा विचार सोडा. टिंब असेल तर क्यूची शक्यता आहे, खात्री नाही. कारण काही शब्द तुर्कीमार्गे किंवा जुन्या कंपनी सरकारच्या काळात इंग्रजीत शिरले आणि के घेऊनच रुळले. हुक्का आणि किस्मत या दोन्ही शब्दांत मूळ क़ आहे, तरी इंग्रजीत हुक्का एच-ओ-ओ-के-ए-एच असा आणि किस्मत के-आय-एस-एम-ई-टी असा लिहितात.

काही शब्दांना दोन्ही दारं उघडी आहेत. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर चालतो, एफ-ए-के-आय-आर चालतो, आणि मधे यू घातलेला एफ-ए-क्यू-यू-आय-आरसुद्धा चालतो. कोर्मा आणि वक्फ हे के नेही लिहितात, क्यू नेही. म्हणजे क्यू हातात नसला तरी शब्द वाया जात नाही. तालुकदाराला के किंवा क्यू कोणतंही लागतं, पण नुसत्या तालुक्याला के घ्या.

चूक दुसरी: बाकीची अक्षरं मराठी उच्चाराने बसवणं

क्यू बरोबर लागला तरी शेजारचे स्वर चुकतात. आपण ‘नकाब’ म्हणतो, इंग्रजी स्पेलिंग अरबी ‘निकाब’वर बेतलेलं आहे: एन-आय-क्यू-ए-बी. आपला ‘बुरखा’ ख ने येतो, म्हणून मुलं क्यूपुढे एच घालतात. योग्य रूप बी-यू-आर-क्यू-ए, पुढे एच नाही. या शब्दात यू आहे, पण क्यूच्या आधी. हीच गोष्ट अरबी बाजार या अर्थाच्या एस-यू-क्यूची. गल्फात नोकरी केलेल्या गोंयकाराला ‘सूक’ सांगावा लागत नाही. दुबईचा सोन्याचा सूक गोव्यातल्या घराघरांत माहीत आहे. तो एस-ओ-यू-क्यू आणि एस-ओ-यू-के असाही लिहितात.

मुकादम हा सर्वांत जास्त चुकणारा शब्द. मराठीप्रमाणे लिहिलं तर डी एकच येतो आणि क नंतर दीर्घ आ. इंग्रजी रूप एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम असं आठ अक्षरी आहे, त्यात डी दोन आणि एम दोन. पिशवीत एम दोनच असतात, तेव्हा एक जरी पटावर गेला असेल तर कोणतंही अक्षर मानता येणारी कोरी टाइल लागेल किंवा पटावरच्या एमचाच आधार घ्यावा लागेल. कव्वालीत हीच अडचण डब्ल्यूची. आपण व्व लिहितो म्हणून हात व्ही कडे जातो. हवेत दोन डब्ल्यू, आणि पिशवीत आहेतही नेमके दोनच. पण सातही टाइल जुळून क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय एका डावात लागली तर अक्षरांचे २२ गुण, पटावरच्या रंगीत घरांची वाढ आणि वर सात टाइल संपवल्याचे ५० गुण मिळतात. शेवटचा आय काढला की उरतो तो कव्वाल, म्हणजे गाणारा. तोही कोशात आहे.

चूक तिसरी: मराठी अर्थ गृहीत धरणं

स्क्रॅबलमध्ये अर्थ विचारत नाहीत हे खरं. पण अर्थ चुकीचा धरला की शब्द लक्षात राहत नाही, आणि शब्दकोडं किंवा प्रश्नमंजूषेत तर थेट गुण जातात. सर्वांत फसवी जोडी एकाच चार अक्षरांची आहे. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी, मुस्लिम न्यायाधीश. तीच अक्षरं क्यू-ए-आय-डी अशी लावली की होतो उत्तर आफ्रिकेतला टोळीप्रमुख किंवा स्थानिक अधिकारी. मराठी डोक्याला दुसऱ्या रूपात लगेच ‘कैद’ दिसते. तुरुंगाशी त्याचा काही संबंध नाही. ‘काइद’ म्हणजे पुढे चालणारा, नेता. आपली कैद वेगळ्या अरबी शब्दातून आली आहे. दोन्ही शब्द १४ गुणांचे आहेत, त्यामुळे खेळताना शेजारी कोणतं अक्षर मोकळं आहे ते पाहून निवड करता येते. पुढे एस लावायला डी सोयीचा की आय, एवढंच बघायचं.

दुसरा फसवा शब्द क्यू-ए-एन-ए-टी. मराठीत कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत. इंग्रजी कोशातला कनात हा जमिनीखालचा पाण्याचा बोगदा आहे. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत मूळ विहीर खणतात, तिथून अगदी मंद उताराचा बोगदा काढून पाणी शेतापर्यंत आणतात, आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवतात. या विहिरींतून खोदलेली माती वर येते, हवा खाली जाते आणि पुढे गाळ काढायलाही त्याच लागतात. पाणी उताराने आपसूक वाहतं, पंप लागत नाही, आणि बोगद्यात ऊन पोचत नसल्याने बाष्पीभवन फार कमी होतं. इराणमधले कनात २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. आपल्या बाजूला याच तंत्राची कामं बिदरची करेज आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही. एवढं डोळ्यांपुढे असलं की तंबू आठवणार नाही.

क्यू-ए-एस-आय-डी-ए वाचून कशिदाकाम आठवतं. कसीदा म्हणजे अरबी-फारसी परंपरेतली लांब कविता, बहुतेकदा राजाची किंवा आश्रयदात्याची स्तुती करणारी. सुई-दोऱ्याचा कशिदा वेगळा.

क्यू-ए-टी हा सर्वांत उपयोगी छोटा शब्द, आणि अर्थाबाबत सर्वांत चुकणारा. उच्चार साधारण ‘काट’. गोव्यात विड्याची सवय असल्यामुळे अनेक जण त्याला पानातला काथ समजतात. काथ खैराच्या लाकडाच्या गाभ्यापासून काढतात, आणि इंग्रजीत त्याला कॅटेचू हा वेगळा शब्द आहे. काट ही येमेन, सोमालिया, इथिओपिया या भागात वाढणारी झुडपाची पानं. तिथे ती ताजीच चघळतात आणि त्यांनी नशेसारखी तरतरी येते. के-एच-ए-टी आणि के-ए-टी ही याच शब्दाची दुसरी रूपं.

मुकादम आणि तालुकदार यांत अर्थ पूर्ण वेगळा नाही, थोडा सरकलेला आहे. आपला मुकादम मजुरांच्या टोळीवर देखरेख करतो. इंग्रजी कोशातला मुकादम गावचा किंवा गटाचा प्रमुख असतो. तालुकदार म्हणजे तालुक्याचा अधिकारी नव्हे. ते काम गोव्यात मामलेदाराचं. कोशातला तालुकदार हा उत्तर भारतातला, विशेषतः अवधकडचा, महसूल गोळा करणारा मोठा जमीनदार.

गोव्याच्या वस्तू, परके अर्थ

क्यूचा विषय थोडा बाजूला ठेवून हे सांगायला हवं, कारण गोव्यातली मुलं इथे हमखास अडखळतात. पोई म्हणजे आपल्याकडे पोदेर पहाटे सायकलवरून आणतो तो कोंड्याचा पोकळ पाव. पी-ओ-आय हा शब्द स्क्रॅबलमध्ये चालतो, पण तो हवाई बेटांवरचा आहे: अळकुडीच्या जातीचा कंद शिजवून, कुटून, आंबवून केलेला लगदा. पी-ए-व्ही कॉलिन्स या इंग्रजी कोशाच्या स्क्रॅबल-यादीत आहे, पण बेकरीतला पाव म्हणून नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं, वर साय आणि फळं घातलेलं पावलोव्हा नावाचं गोड पक्वान्न ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये करतात, त्याचं ते लघुरूप आहे.

फेणी मात्र एफ-ई-एन-आय अशीच आणि आपल्याच अर्थाने कोशात गेली आहे: काजूच्या बोंडांची किंवा माडाची गोव्यातली दारू. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. विंदालूमध्ये शेवटी ‘आलू’ ऐकू येतो म्हणून लोक त्यात बटाटा शोधतात. शब्द आला आहे तो वाइन आणि लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज जोडशब्दावरून.

चूक चौथी: देश आणि कंपन्यांची नावं लावणं

क्यू आला की पहिला हात इराक, कतार किंवा क्वांटास विमान कंपनीकडे जातो. तिघांतही क्यूमागे यू नाही, आणि तिन्ही विशेषनामं आहेत. मोठ्या लिपीतल्या अक्षरानेच सुरू होणारे शब्द स्क्रॅबलला चालत नाहीत. नियम नावाला लागू आहे, अक्षरांना नाही, हे मात्र पक्कं समजून घ्या. जी-ओ-ए लावता येतो आणि बरोबरही आहे. तो आपला गोवा म्हणून नव्हे, तर तिबेटच्या पठारावरचं लहान हरिण म्हणून. भारतात ते लडाख आणि सिक्कीमच्या उंच भागात थोड्या संख्येने आढळतं. कोणी हरकत घेतली तर राज्याचं नाव पुढे करू नका, हरिणाचा अर्थ सांगा.

क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय हा असाच गैरसमजाचा शब्द. कळफलकावरच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं, म्हणून ते नाव किंवा संक्षेप आहे असं वाटतं. कोशात मात्र ते साधं नाम आहे आणि खुशाल लावता येतं.

चूक पाचवी: क्यूचा उच्चार नेहमी ‘क’ धरणं

सगळे शब्द अरबी नाहीत. क्यू-आय हा क्यूचा एकमेव दोन अक्षरी शब्द चिनी आहे. उच्चार ‘ची’, अर्थ शरीरात वाहणारी जीवनशक्ती. चिनी भाषेची पिनयिन ही रोमन लेखनपद्धत १९५८ साली स्वीकारली गेली आणि तिच्यात च च्या जवळच्या ध्वनीला क्यू दिला गेला. म्हणून श्वास आणि हालचालींचा व्यायाम क्यू-आय-जी-ओ-एन-जी हा ‘चीगाँग’, आणि क्यू-आय-एन हे सात तारांचं वाद्य ‘चिन’.

सी-आय-एन-क्यू हा फाशावरचा किंवा पत्त्यातला पाचाचा आकडा. फ्रेंचमधून आला, उच्चार ‘सिंक’. टी-आर-ए-एन-क्यू हे गुंगीच्या औषधाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. मूळ लांब शब्दात क्यूमागे यू आहे, तोडताना तो गळला. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षराचं नाव, ‘कोफ’ असं म्हणा. यू-एम-आय-ए-क्यू ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कातडी ताणून केलेली होडी. क्यू-आय-व्ही-आय-यू-टी ही तिकडच्याच कस्तुरी बैलाची आतली मऊ लोकर. फिजीतलं कावा नावाचं पेय वाय-ए-क्यू-ओ-एन-ए असं लिहितात आणि ‘यांगोना’ असं बोलतात, कारण फिजी भाषेत क्यू हे अक्षर ‘ङ्ग’साठी आहे.

चूक सहावी: अनेकवचनाला घाबरणं, किंवा डोळे झाकून एस लावणं

जीवनशक्तीचं अनेकवचन कसं होईल, असा विचार करून मुलं क्यू-आय-एस लावत नाहीत. ते बिनधास्त लावा. एफ-आय-क्यू-एच, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा कायदा, आणि वक्फ यांनाही एस चालतो. वाचायला अवघड दिसतो एवढंच. सूक, काट, काझी, काइद, कनात, नकाब, तलाक, फकीर या सगळ्यांना एस लागतो.

एस न लागणारी रूपं वेगळी ओळखून ठेवा. अल्बेनियाच्या लेक या चलनाचा शंभरावा भाग क्यू-आय-एन-डी-ए-आर. याला एस लागतो, पण त्याचं मूळ अल्बेनियन अनेकवचन क्यू-आय-एन-डी-ए-आर-के-ए हेही कोशात आहे, आणि त्यावर पुन्हा एस चढत नाही. इस्रायलच्या शेकेलचं तसंच: एस-एच-ई-क्यू-ई-एल ला एस चालतो, पण एस-एच-ई-क्यू-ए-एल-आय-एम हे आधीच अनेकवचन आहे.

क्यू हातात असताना

क्यू राखून ठेवायचा हट्ट सर्वांत महाग पडतो. मोठ्या शब्दाच्या आशेने तो तीन-चार डाव हातात राहिला की उरलेल्या सहाच टाइलवर खेळावं लागतं आणि प्रत्येक डावात थोडे थोडे गुण जातात. क्यू आला की आधी पटावर मोकळा आय शोधा. पिशवीत आय नऊ असतात, यूच्या दुपटीहून जास्त. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात पडून आडवा-उभा दोन्हीकडे ‘ची’ होत असेल तर एका दिशेला ३० अधिक १, म्हणजे ३१, आणि दोन्ही मिळून ६२ गुण होतात. अशी जागा दिसली तर दुसरं काही शोधत बसू नका. ‘ची’ला जागा नसेल तर ए आणि टी ने काट पाहा, मग चार अक्षरी: काझी, काइद, वक्फ, फिक्ह, सिंक. वक्फ आणि फिक्ह हे प्रत्येकी १९ गुणांचे, पण दोन्हींत दुर्मिळ अक्षरं दोन-दोन लागतात.

काहीच जमत नसेल तर टाइल बदला. त्यासाठी पिशवीत किमान सात टाइल उरलेल्या असाव्या लागतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. पिशवी दहा-बारा टाइलवर आली की निर्णय घ्यायची वेळ झाली. दोघांच्या खेळात शेवटी क्यू हातात अडकला तर तुमचे १० कमी होतात आणि समोरच्याला १० मिळतात; फरक २० चा पडतो.

शिकताना एका वेळी दहाच शब्द घ्या. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, त्यावर चार गोष्टी: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, एका ओळीत अर्थ, अनेकवचन. मराठीत त्याच उच्चाराचा वेगळ्या अर्थाचा शब्द असेल तर तो कार्डाच्या मागे लाल शाईने लिहा: कनात, कशिदा, कैद, काथ. नुसती यादी घोकून दोन आठवड्यांनी स्पेलिंग विस्कटतात. अर्थाशी बांधलेले शब्द टिकतात. मोठे कोश घरी नसतील तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात बसून संदर्भ पाहता येतात.

शेवटची अडचण याद्यांची. भारतातल्या स्पर्धा साधारणपणे कॉलिन्सच्या यादीवर चालतात, उत्तर अमेरिकेत वेगळी आणि लहान यादी आहे. मुकादम, तालुकदार, कलमदान, इन्किलाब असे आपल्याकडचे शब्द मिळायचे तर कॉलिन्सची यादी हवी. मोबाइलवरच्या खेळात शब्द नाकारला गेला की स्पेलिंगवर शंका घेण्याआधी सेटिंगमध्ये कोणता कोश निवडला आहे ते बघा. घरी चतुर्थीला भावंडं जमून खेळणार असाल तर पहिली टाइल काढण्याआधीच यादी ठरवा, आणि चुकीची हरकत घेणाऱ्याची पाळी जाणार की गुण कापणार, तेही गुणांच्या कागदावर वर लिहून ठेवा.